पाठमोरा गायक

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत 'प्रसिद्धी आणि पत्रकार' या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला हा विषय दिला तेव्हा त्यांच्या मनात बहुधा राजकारण असावे. निवडणुका, दूरचित्रवाहिन्यांवरील आरडाओरड, विकत घेतलेल्या बातम्या यांवर अधिकारवाणीने बोलणारे वक्ते आपल्याला पुष्कळ मिळतील. मी आज एका गायकाविषयी बोलणार आहे. तो आपल्याकडचा नाही, त्याचे संगीत आपल्या परंपरेतले नाही आणि या सभागृहातील बहुतेकांनी त्याचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. तरीही त्याची निवड करण्याचे कारण वैयक्तिक आहे. या माणसाविषयी मी एकदा वर्तमानपत्रात खोटे लिहिले. जाणूनबुजून लिहिले नाही. पण छापून आले ते खोटेच होते, आणि माझ्या उभ्या कारकिर्दीत वाचकांना सर्वाधिक आवडलेला लेख तोच होता. खोटे काय होते ते पुढे सांगतो. आधी माणूस सांगतो.

सिक्स्टो रॉड्रिग्ज त्याचे नाव. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १० जुलै १९४२ रोजी मेक्सिकोतून आलेल्या एका कामगार कुटुंबात त्याचा जन्म झाला. सहावे अपत्य, म्हणून सिक्स्टो. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर. १९५० साली तेथे साडेअठरा लाख माणसे राहत होती. २०१० च्या जनगणनेत ती सव्वासात लाखांच्याही खाली आलेली दिसतात. हा तरुण गिटार घेऊन गाऊ लागला, ते त्या ओहोटीच्या आरंभीचे दिवस होते. १९६७ च्या जुलैमध्ये शहरात भीषण दंगल झाली. त्याच वर्षी त्याची पहिली तबकडी निघाली, तीही नाव मोडून 'रॉड रिग्ज' या टोपणनावाने. ती कोणाच्या कानावरही गेली नाही.

डेनिस कॉफी आणि माइक थिओडोर या दोन संगीत निर्मात्यांनी त्याला नदीकाठच्या एका धुराने भरलेल्या मद्यालयात प्रथम ऐकले. त्या दोघांची आठवण अशी की, तो श्रोत्यांकडे पाठ करून गात होता. आपल्याकडे गायक मैफलीत डोळे मिटून बसतो, ते आपण समजू शकतो. पण पाठ करून? लाजाळूपणा म्हणा, शब्दांवरच लक्ष राहावे ही इच्छा म्हणा. गाणारा चेहरा न दाखवता गात होता आणि ते दोघे थांबून ऐकत राहिले.

१९७० च्या मार्चमध्ये 'कोल्ड फॅक्ट' हा त्याचा पहिला संग्रह बाजारात आला. मुखपृष्ठावर एका गोलाकार बुडबुड्यात, डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवलेला, चक्क मांडी घालून बसलेला रॉड्रिग्ज. गाणी शहराची आहेत. मादक द्रव्ये विकणारा फेरीवाला, काम गेलेला मजूर, ढोंगी पुढारी, गळकी घरे, तुटलेली लग्ने. आवाज कोरडा, किंचित अनुनासिक. शब्द मात्र स्वच्छ. बॉब डिलनची सावली त्याच्यावर आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु डिलन पाहून लिहितो आणि हा आत राहून लिहितो, असे मला ऐकताना वाटते. १९७१ च्या अखेरीस 'कमिंग फ्रॉम रिअॅलिटी' हा लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेला दुसरा संग्रह आला. त्यात तंतुवाद्यांचा साज माझ्या मते जरा अधिकच झाला आहे. पण ते असो. दोन्ही संग्रह अमेरिकेत पडले. कंपनीने करार संपवला.

आता येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढे या अपयशाची फार रम्य कारणे सांगितली गेली. त्याची कंपनी होती 'ससेक्स रेकॉर्ड्स', मालक क्लॅरेन्स एव्हंट. ही कंपनी मुळातच दुबळी होती काय? तर नाही. त्याच कंपनीने १९७१ साली बिल विदर्स या कारखान्यात काम करणाऱ्या कामगाराचे गाणे देशभर गाजवले. रॉड्रिग्जचा निर्माता डेनिस कॉफी याचीच एक वाद्यरचना त्याच कंपनीकडून त्याच वर्षी प्रचंड खपली. म्हणजे कंपनी तीच, साल जवळपास तेच, एक कामगार तरला आणि दुसरा बुडाला. का? मेक्सिकन आडनावामुळे, म्हणतात. पाठ करून गाण्यामुळे, म्हणतात. मला वाटते, याचे खात्रीचे उत्तर कोणाजवळच नाही, आणि उत्तर नसणे हे पत्रकाराला फार टोचते. रिकामी जागा दिसली की आम्ही तेथे काहीतरी भरतो.

गाणे थांबले आणि हा माणूस मजुरीला गेला. जुनी घरे पाडणे, त्यांचा राडारोडा उचलणे, डागडुजी करणे, ही त्याची कामे. १९७६ साली सरकारी लिलावात त्याने एक मोडकळीला आलेले घर पन्नास डॉलरला घेतले आणि त्यात मुलींना वाढवले. १९८१ साली वेन स्टेट विद्यापीठातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. शहराच्या महापौरपदासाठी, नगर परिषदेसाठी, राज्याच्या विधिमंडळासाठी उभा राहिला आणि प्रत्येक वेळी पडला. 

आता दक्षिण आफ्रिकेकडे वळू. सत्तरच्या दशकात तो देश वर्णविद्वेषी राजवटीच्या पोलादी कडीत होता. त्या देशात दूरचित्रवाणी आली तीच मुळी १९७६ साली, कारण राज्यकर्त्यांना तिची भीती होती. पुस्तके, चित्रपट, गाणी सगळ्यांवर कात्री. गोऱ्या तरुणांना लष्करात सक्तीची चाकरी होती. अशा बंद घरात 'कोल्ड फॅक्ट' येऊन पडला. पहिली प्रत कोणी आणली यासंबंधी दंतकथा आहेत. तबकडी तेथे अधिकृतपणेही निघाली होती, एवढे निश्चित. सरकारी नभोवाणीने त्यातील गाणे वाजवू नये म्हणून अभिलेखागारातील तबकडीवर टोकदार वस्तूने ओरखडे काढल्याचे पुढे चित्रपटात दाखवले गेले. नभोवाणीने नाकारले, पण कॅसेटने स्वीकारले. एकाची कॅसेट दुसऱ्याने उतरवून घ्यायची, दुसऱ्याची तिसऱ्याने. छावण्यांमध्ये, वसतिगृहांमध्ये, समुद्रकिनाऱ्यावर ती वाजत राहिली.

माझ्या पिढीला हे समजावून सांगावे लागणार नाही. ऐंशीच्या दशकात आम्ही महाविद्यालयात असताना एखाद्या बुजुर्ग गवयाची खासगी बैठक कोणाकडे तरी ध्वनिमुद्रित केलेली असे आणि ती मिळवण्यासाठी आम्ही चार चार घरांचे उंबरठे झिजवत असू. उतरवता उतरवता आवाज असा काही पातळ होई की गवयापेक्षा खरखर जास्त. पण ती खरखर ऐकली की आपण काही थोडक्या भाग्यवंतांपैकी आहोत असे वाटे. इंग्रजीत ज्याला 'कल्ट' म्हणतात ती गोष्ट हीच. बाहेरच्या जगाच्या लेखी जो कोणीच नाही, तो आतल्या मूठभरांच्या लेखी सर्वस्व असतो. दक्षिण आफ्रिकेत फरक एवढाच झाला की ही मूठ वाढत वाढत लाखांची झाली, आणि तरीही हा माणूस कोण, कुठला, आहे की गेला, हे कोणालाच माहीत नव्हते. तबकडीवर छायाचित्र होते, चरित्र नव्हते. मग रिकाम्या जागेत मृत्यू भरला गेला. म्हणे, त्याने भर कार्यक्रमात रंगमंचावरच आत्महत्या केली. स्वतःला पेटवून घेतले, असे काही जण सांगत. पिस्तुलाने, असे दुसरे सांगत. एक पूर्ण पिढी हे खरे मानून मोठी झाली.

श्रोतेहो, त्या गाण्यांनी वर्णविद्वेषाची राजवट उलथवली, असा एक सूर पुढे लागला. तो मला मान्य नाही. ही गाणी मुख्यत्वे गोऱ्या मध्यमवर्गीय तरुणांची होती. बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा लढा त्यांच्या स्वतःच्या गाण्यांवर चालला होता. मिरियम माकेबा आणि ह्यू मासेकेला यांच्यासारख्यांनी त्यासाठी दीर्घकाळ देशाबाहेर दिवस काढले होते. रॉड्रिग्जच्या गाण्यांनी केले ते एवढेच की, व्यवस्थेविरुद्ध बोलता येते ही कल्पना काही गोऱ्या घरांमध्ये शिरली, आणि त्या घरांतून पुढे आफ्रिकान्स भाषेत बंडखोर गाणी लिहिणारे काही तरुण निघाले. हे कार्य लहान नाही. त्याला आणखी मोठे करण्याची गरज नाही.

मग शोध सुरू झाला. हा भाग मला फार प्रिय आहे, कारण तो शुद्ध वार्ताहराचा भाग आहे. केप टाउनमधील स्टीफन सेगरमन हे तबकड्यांचे जाणकार. मित्र त्यांना 'शुगर' म्हणत. १९९६ साली त्या देशात रॉड्रिग्जच्या दुसऱ्या संग्रहाची सीडी निघाली, तेव्हा तिच्या सोबतच्या टिपणात त्यांनी, हा माणूस शोधून काढील असा कोणी संगीतप्रेमी गुप्तहेर आहे काय, अशा अर्थाचा प्रश्न टाकला. तो वाचला क्रेग बार्थोलोम्यू स्ट्रायडम या पत्रकाराने. त्याने आधी पैशाचा माग काढला. दक्षिण आफ्रिकेत खपलेल्या प्रतींचे पैसे कोठे जातात? पैशाचा माग धुक्यात विरला. मग त्याने गाण्यांचे शब्द पुन्हा पुन्हा वाचले, आणि एका गीतात त्याला गावाचे नाव दिसले: डिअरबॉर्न. नकाशात पाहिले, तर ते डेट्रॉइटला लागूनच असलेले, फोर्ड कंपनीचे गाव. तेथून डेट्रॉइट, डेट्रॉइटवरून माइक थिओडोर, आणि १९९७ साली थिओडोर यांना दूरध्वनी. तो कसा मेला, हा प्रश्न विचारायला गेलेल्या पत्रकाराला उत्तर मिळाले की तो जिवंत आहे. अधिकृत दप्तरात जे सापडले नाही ते गाण्यातल्या एका गावाच्या नावात सापडले. नव्या वार्ताहरांना मी हे नेहमी सांगतो. ते बिचारे ऐकून घेतात.

१९९८ च्या मार्चमध्ये रॉड्रिग्ज मुलींना घेऊन दक्षिण आफ्रिकेत उतरला. केप टाउनच्या बेलव्हिल भागातील व्हेलोड्रोममध्ये हजारो माणसे त्याची वाट पाहत होती. तो मंचावर आला तेव्हा प्रेक्षक कित्येक मिनिटे नुसते ओरडत राहिले. गाणे सुरूच होऊ देईनात. मेलेला माणूस समोर उभा होता. या वेळी तो श्रोत्यांकडे तोंड करून उभा होता, एवढे मी आवर्जून सांगतो. कार्यक्रम झाले, तो डेट्रॉइटला परतला आणि पुन्हा घरे पाडण्याच्या कामाला लागला.

पुढची चौदा वर्षे अमेरिकेतील सर्वसामान्य माणसाला त्याचा पत्ता नव्हता. मग मलिक बेंजेलूल नावाचा स्वीडनमधील तरुण पुढे येतो. दूरचित्रवाणीची नोकरी सोडून कथा शोधत तो आफ्रिकेत हिंडत होता, तेव्हा त्याला सेगरमन भेटले. त्याने अनेक वर्षे अनुबोधपटावर काम केले. पैसे संपले, तेव्हा शेवटची काही दृश्ये त्याने भ्रमणध्वनीवर एका जेमतेम डॉलरभर किमतीच्या अॅपने टिपली. 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' जानेवारी २०१२ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि २४ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याला ऑस्कर मिळाले. दरम्यान सत्तरीतला रॉड्रिग्ज अमेरिकेच्या प्रमुख दूरचित्रवाहिन्यांवर वाद्यवृंदासह गात होता. २०१३ मध्ये तो कोचेला आणि ग्लास्टनबरी या महोत्सवांत गायला, ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरसारख्या अवाढव्य प्रेक्षागारात गायला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याच्याच विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली, आणि जुलैमध्ये डेट्रॉइट शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. शहर बुडत होते आणि त्याच्या बुडण्याची गाणी लिहिणारा वर येत होता.

ऑस्करच्या रात्री तो समारंभाला गेला नाही. चित्रपट करणाऱ्यांचा तो दिवस आहे, आपल्या उपस्थितीने त्यांच्यावरचे लक्ष ढळू नये, ही त्याची भूमिका. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तो झोपला होता, हे त्याने स्वतःच नंतर सांगितले.

मी तेव्हा एका दैनिकाच्या रविवार पुरवणीचे काम पाहत होतो. चित्रपट पाहून मी भारावून गेलो आणि एका बैठकीत पानभर लेख लिहिला. स्वदेशात कोणालाही ठाऊक नसलेला, पृथ्वीतलावर केवळ एकाच देशात गाजलेला, चाळीस वर्षे स्वतःच्या कीर्तीबद्दल पूर्ण अनभिज्ञ असलेला कलावंत, असे मी लिहिले. अखेरच्या परिच्छेदात मी त्याला स्थितप्रज्ञ म्हटले. पत्रांचा पाऊस पडला. एका प्राध्यापकांनी तो लेख वर्गात वाचून दाखवला. पुढचे पंधरा दिवस मी तरंगत होतो.

मग एक पत्र आले. मेलबर्नहून, टपालाने, सुवाच्य मराठी अक्षरांत. लिहिणारे गृहस्थ सत्तरच्या दशकात अभियंता म्हणून ऑस्ट्रेलियात गेलेले. त्यांच्या भगिनीने इकडून लेखाचे कात्रण पाठवले होते. 'सप्रेम नमस्कार वि. वि., आपला लेख वाचला. भाषा सुंदर आहे, मजकूर मात्र चुकला आहे,' अशी सुरुवात. पुढे शांतपणे लिहिले होते की, ऑस्ट्रेलियात रॉड्रिग्ज सत्तरच्या दशकापासून माहीत होता. सिडनीच्या नभोवाणीवर त्याचे गाणे वाजे. तेथील एका कंपनीने हक्क घेऊन त्याच्या तबकड्या पुन्हा काढल्या होत्या. १९७९ साली तो स्वतः ऑस्ट्रेलियात येऊन गायला, आणि त्या कार्यक्रमाला हे गृहस्थ घरमालकाच्या मुलाबरोबर गेले होते. १९८१ साली तो पुन्हा आला. १९७९ च्या दौऱ्याच्या ध्वनिमुद्रणाची तबकडीदेखील तेथे निघाली होती. तिच्या नावातच हा माणूस जिवंत आहे असे म्हटले होते, कारण मृत्यूच्या अफवा तेथेही पोचल्या होत्या. 'आपण लिहिता की त्यास आपली कीर्ती ठाऊक नव्हती. मी त्यास टाळ्या स्वीकारताना पाहिले आहे.' शेवटी सर्वांस यथायोग्य नमस्कार, आणि ताजा कलम असा की, छापण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही.

मी पडताळणी केली. अक्षर न् अक्षर खरे होते. त्याहून वाईट म्हणजे ते मुळीच गुप्त नव्हते. शोधले असते तर तासाभरात सापडले असते. चित्रपटात ऑस्ट्रेलियाचा उल्लेखच नाही, कारण तो आला की शून्यातून शिखराकडची सरळ रेघ वाकडी होते. आणि रेघेला आणखीही वळणे होती. अमेरिकेतच २००१ साली नास या रॅप गायकाने त्याच्या गाण्याचा तुकडा आपल्या गाण्यात वापरला होता. २००२ साली उत्तर आयर्लंडच्या डेव्हिड होम्सने आपल्या संकलनात त्याचे गाणे घेतले होते. सिअॅटलच्या 'लाइट इन द अॅटिक' या लहानशा कंपनीने २००८ आणि २००९ मध्ये त्याचे दोन्ही संग्रह अमेरिकेत पुन्हा काढले होते आणि जाणकारांनी त्यांची दखल घेतली होती. म्हणजे २०१२ पूर्वी एकेका पायरीने हा माणूस वर येतच होता. आम्हाला तो अचानक दिसला, कारण आम्ही अचानक पाहिले.

बेंजेलूलला मी दोष देत नाही, असे म्हणणे सोयीचे होईल. पण तेही पूर्ण खरे नाही. त्याने वगळले ते हेतुपुरस्सर वगळले. कलावंत म्हणून तो अधिकार त्याला होता का, यावर आपण रात्रभर वाद घालू शकू. मात्र मी कलावंत नव्हतो, वार्ताहर होतो, आणि मला तो अधिकार नव्हता. त्या उमद्या तरुणाने मे २०१४ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी स्टॉकहोममध्ये स्वतःचे जीवन संपवले. ज्याच्या आत्महत्येची खोटी कथा त्याने जगाला सांगितली तो वृद्ध गायक त्या वेळी जिवंत होता आणि गात होता. यापुढे मला काही बोलवत नाही.

राहिला तो स्थितप्रज्ञ हा शब्द. तोही मी मागे घेतो. आपल्याकडे कोणी साधेपणाने राहिला की आपण लगेच त्याला विरक्त ठरवतो. रॉड्रिग्ज विरक्त नव्हता. ज्याला कोणी ऐकावे असे वाटत नाही तो महापौरपदाला उभा राहत नाही, तोही पुन्हा पुन्हा. त्याला आपले म्हणणे मांडायचे होते. गिटारने ऐकले नाही तर मतपत्रिकेने. आणि पैशाचा प्रश्न त्याने उदात्तपणे सोडून दिला, हेही खरे नाही. दक्षिण आफ्रिकेतील विक्रीचे पैसे कोठे गेले, हा प्रश्न चित्रपटात क्लॅरेन्स एव्हंट यांना विचारला गेला तेव्हा ते भडकले. पुढे २०१४ मध्ये डेट्रॉइटच्या न्यायालयात खटला उभा राहिला. त्याचे मूळ असे की, साठच्या दशकात रॉड्रिग्जने गीतलेखनाचा हक्क एका दुसऱ्याच कंपनीला करारान्वये दिला होता. ती अडचण चुकवण्यासाठीच 'कोल्ड फॅक्ट'वर गीतकार म्हणून त्याच्या सरळ नावाऐवजी 'जीझस रॉड्रिग्ज' आणि 'सिक्स्थ प्रिन्स' अशी नावे छापली गेली, असा जुन्या कंपनीचा आरोप. हा खटला वर्षानुवर्षे चालला आणि रॉड्रिग्जही त्यात पक्षकार झाला. आपल्या घामाचे दाम मागणारा कामगार तो होताच. ते दाम मागण्यात कमीपणा कसला?

मात्र जे मिळाले त्याचे त्याने काय केले, ते सांगितले पाहिजे. कुटुंबात आणि मित्रांत वाटले. पन्नास डॉलरचे ते घर सोडले नाही. काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली होती, मुली हात धरून त्याला मंचावर आणत. उत्तरायुष्यातील त्याचे काही कार्यक्रम ढिसाळ झाल्याचे समीक्षकांनी लिहिले आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नसावे. सत्तर वर्षांच्या अधू माणसाकडून लोक सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा आवाज मागत होते. ब्रिटनमध्ये निक ड्रेक नावाचा असाच एक मूठभरांचा गायक १९७४ साली सव्विसाव्या वर्षी गेला, आणि शतक सरताना एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचे गाणे वाजल्यावर त्याच्या तबकड्या धडाधड खपल्या. त्याला मंचावर उभे राहून थकल्याबद्दल कोणी नावे ठेवू शकले नाही. रॉड्रिग्जच्या वाट्याला कीर्ती आली ती म्हातारपणासकट. त्याने ती नाकारली नाही. बोलावणे येईल तेथे तो गात राहिला.

८ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, डेट्रॉइटमध्ये त्याचे निधन झाले. अवघ्या पाच दिवसांनी, १३ ऑगस्टला, क्लॅरेन्स एव्हंट बाण्णवाव्या वर्षी गेले. पैशाच्या त्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारी दोन माणसे एका आठवड्यात गेली.

निधनाची बातमी आली त्या दिवशी मी कार्यालयात होतो. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका उपसंपादकाने मृत्युलेख झटकन तयार करून आणला. हुशार मुलगा. त्याने संदर्भासाठी आमचीच जुनी कात्रणे काढली होती, आणि त्यात माझा २०१३ चा लेख होता. पहिलेच वाक्य तेच होते, माझे. स्वदेशात कोणालाही ठाऊक नसलेला, पृथ्वीतलावर केवळ एकाच देशात गाजलेला.

मी ते वाक्य खोडले आणि त्या जागी १९७९ सालचा ऑस्ट्रेलियाचा दौरा लिहिला. तो थोडा वेळ कागदाकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "सर, पण मग बातमीत राहिलं काय?"

मी माझ्या टेबलाच्या खणातून मेलबर्नचे पत्र काढून त्याला वाचायला दिले. त्याने ते उभ्याउभ्याच वाचले, परत दिले आणि विचारले, "हे छापलं होतं का आपण?" मी म्हटले, नाही. त्यांनी छापू नका असे लिहिले होते, आणि मला ते फार सोयीचे पडले.

त्यावर तो काही बोलला नाही. जागा एकाच स्तंभाची होती. ऑस्ट्रेलिया घालायचा तर चार ओळी कमी करणे भाग होते. आम्ही दोघांनी मिळून रंगमंचावरील आत्महत्येची अफवा काढून टाकली, डिअरबॉर्न ठेवले, आणि पान छपाईला सोडले.